रकाना नसलेली नोंद

जून २०२१ मध्ये ऑस्लोच्या नगरसभेत नगरमंत्री लान मारी बर्ग यांच्यावरच्या अविश्वासाची चर्चा चालू होती. मी घरी जेवणाच्या टेबलावर एका चौकाचा आराखडा तपासायला बसले होते. कोविडमुळे ऑफिस घरूनच चालायचं. शेजारच्या स्क्रीनवर सभेचं थेट प्रक्षेपण होतं आणि आराखडा अर्धा तास तसाच पडला होता.

इथला कारभार आपल्या महापालिकांसारखा नाही. आपल्याकडे महापौरांना मान आणि अधिकार आयुक्तांकडे. ऑस्लोत १९८६ पासून नगरसभेला जबाबदार असं छोटं मंत्रिमंडळच असतं. ५९ जणांच्या सभेत बहुमत विरोधात गेलं की नगरमंत्र्याला जावं लागतं. हरित पक्षाच्या बर्ग २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरण आणि वाहतुकीच्या नगरमंत्री झाल्या तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. मी वाहतूक नियोजनातली. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कामावर त्यांच्या धोरणाची सावली होती.

अविश्वास मात्र गाड्यांवरून नव्हता, पाण्यावरून होता. ऑस्लोला सुमारे ९० टक्के पिण्याचं पाणी मारिदाल्सवान्नेट या एकाच तलावातून मिळतं. त्याला काही झालं तर शहर कोरडं पडेल, म्हणून होल्सफ्योर्डेन या दुसऱ्या तलावातून बोगद्यातून दुसरं पाणी आणायचं काम सुरू झालं. त्याचा खर्च अब्जावधी क्रोनरनी वाढला आणि ही वाढ सभेला वेळेवर कळवली नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. मला वाईट वाटत होतं. पण सभेला हिशेब मागायचा हक्क आहे, हेही पटत होतं. आकडा वाईट असला तरी तो वेळेवर समोर ठेवावा लागतो. माझ्या कामात तर रोजच. त्या चर्चेच्या मध्येच मला दोन वर्षांपूर्वीचा मोजणीचा एक दिवस आठवला.

सप्टेंबर २०१९. नगरसभेच्या निवडणुकीला आठवडा उरला होता. शहराच्या मध्यभागातल्या रस्त्यांवरून ७०० च्या वर पार्किंगच्या जागा काढून झाल्या होत्या. आधी बेत होता खासगी गाड्याच बंद करायचा. व्यापाऱ्यांनी विरोध केला, मग गाड्यांना येऊ द्यायचं पण थांबायला जागा ठेवायची नाही, असं ठरलं. मोकळ्या जागी बाकं, झाडांच्या कुंड्या, सायकलची वाट आली. काही जागा दिव्यांगांच्या गाड्यांसाठी आणि माल उतरवण्यासाठी राखल्या.

माझं काम होतं ओव्रे स्लॉट्सगाटे या रस्त्यावर दिवसभर माणसं मोजायचं. दर तासाला १० मिनिटं हातातला क्लिकर दाबायचा. किती चालले, किती बसले, त्यांत मुलं किती, म्हातारे किती. मग तक्ता भरायचा. काम कंटाळवाणं वाटेल, पण मला ते फार आवडतं. रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय रस्ता कळत नाही. गाड्यांच्या दोन रांगांमधून एखादं मूल रस्त्यात उतरतं तेव्हा ड्रायव्हरला ते दिसतच नाही, हे कागदावर शंभरदा वाचलं होतं. तिथे उभं राहिल्यावर ते मोकळे कोपरे पाहून मला नेमकं कळलं की आपण काय हलवलं आहे. १९७५ साली ऑस्लोच्या रस्त्यांवर अपघातांत ४१ माणसं दगावली होती. २०१९ या पूर्ण वर्षात दगावला एक जण, तोही गाडी चालवणारा. पायी चालणारा किंवा सायकलवरचा एकही नाही. कमी वेगमर्यादा, शाळांभोवती गाड्यांना बंदी, काढलेलं पार्किंग, सगळ्याचा त्यात वाटा आहे. तो आकडा जाहीर झाला त्या दिवशी मी आईला पुण्याला फोन करून सांगितला होता. ती म्हणाली, "एकही नाही? परत सांग."

पण मोजणीच्या दिवशी तो आकडा कुणालाच माहीत नव्हता.

सकाळी दहाच्या सुमाराला लोकर-बटणांच्या दुकानातून सत्तरीच्या एक बाई तरातरा बाहेर आल्या. नॉर्वेजियनमध्ये सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात, माझ्या मनात मात्र त्या 'आजी'च झाल्या.

"तू नगरपालिकेची का?"

"नाही, पण त्यांच्याच कामावर आहे."

"मग माझ्या नवऱ्याला कुठे मोजतेस?"

त्यांचे यजमान चाकांच्या वॉकरवर चालतात. पूर्वी गाडी दुकानाच्या दारात थांबायची. आता राखीव जागा कोपऱ्याच्या पलीकडे होती आणि तिथे बहुतेक सकाळी मालाची गाडी उभी. म्हणून ते दुकानात यायचेच बंद झाले होते. "चाळीस वर्षं ते गल्ल्यावर बसत होते," त्या म्हणाल्या. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. राखीव जागेत व्हॅन उभी होती, धोक्याचे दिवे लुकलुकत होते, ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. माझ्या तक्त्यात आलेल्या माणसांचे रकाने होते. येऊ न शकलेल्या माणसाचा रकाना नव्हता.

बाराच्या मोजणीत एक माणूस समोर थांबला. माझ्या पिवळ्या जाकिटाकडे, मग चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "तू आणि ती बर्ग, दोघी जिथून आलात तिथे चालत्या व्हा." बर्ग नॉर्वेच्याच, घराण्याचं एक मूळ व्हिएतनामी. त्या वर्षी त्यांना इतक्या धमक्या येत होत्या की पोलीस संरक्षण द्यावं लागलं होतं, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. माझा अंगठा क्लिकरवर थिजला, किती माणसं समोरून गेली ते कळलं नाही. तो निघून गेल्यावर अंदाजाने आकडा टाकता आला असता. मी त्या १० मिनिटांपुढे 'अपूर्ण' असं लिहिलं आणि बाकावर बसले. मला रडू येत होतं आणि ते रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं.

आजी काचेतून बघत होत्या. त्या आल्या, शेजारी बसल्या. "मला त्या बर्गचं काहीच पटत नाही. पुढच्या सोमवारी मी तिच्या विरोधातच मत देणार आहे," त्या म्हणाल्या. "पण हे असं बोलायचा अधिकार त्याला कुणी दिला?" एकच्या मोजणीला मी उभी राहिले तेव्हा त्या तिथेच बसून होत्या. तक्त्यात 'बसलेले, ज्येष्ठ' या रकान्यात मी एक रेघ ओढली.

त्या निवडणुकीत हरित पक्षाला ऑस्लोत १५ टक्क्यांवर मतं मिळाली, टोलविरोधी पक्षही सभेत आला. शहर दोन्ही बाजूंनी बोललं. २०२१ च्या जूनमध्ये बर्ग यांच्यासाठी अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि त्यांना वगळून पुन्हा आलं. शरद ऋतूत त्या संसदेवर निवडून गेल्या.

मोजणीच्या त्या संध्याकाळी मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राखीव जागेची हकिगत लिहिली. व्हॅन किती वाजता आली, किती वेळ थांबली, जागेपासून दुकानाच्या दारापर्यंत माझी किती पावलं पडली. ऑफिसात हे कुणी वाचेल याची खात्री नव्हती, म्हणून वरिष्ठांना वेगळा ईमेलही लिहून ठेवला. निघताना दुकानात डोकावले.

"लिहिलंस?"

मी कागद पुढे केला. आजींनी चष्मा लावला, सावकाश शेवटपर्यंत वाचलं. नॉर्वेजियनमध्ये वॉकरला म्हणतात 'रुलातोर', त्यात 'ल' दोनदा येतो. मी एकदाच लिहिला होता. त्यांनी कापडावर खुणा करायची पेन्सिल घेतली, सुटलेलं अक्षर वर लिहिलं, आणि कागद परत देऊन दारावरची पाटी उलटवायला गेल्या.