गुदाशयाच्या कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रिया : माझा अनुभव

बायॉप्सीच्या अहवालात गुदाशयाचा कर्करोग निश्चित झाला, तेव्हा नातेवाइकांत पहिली चर्चा झाली ती रोबोटची. शल्यविशारदांनी मात्र आधी एमआरआय समोर ठेवला. गाठ गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणाला जवळजवळ भिडली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी रेडिएशन आणि त्यासोबत कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या घेणे भाग होते. पुढे माझ्या बाबतीत जे चांगले घडले, त्याचा मोठा वाटा मी या पहिल्या टप्प्याला देतो.

काही आठवड्यांनी गाठ आकसल्यावर शस्त्रक्रियेच्या पद्धतीचा प्रश्न आला. "रोबोट स्वतःहून काही करत नाही, कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर, बसून त्याचे हात मीच चालवतो," असे डॉक्टरांनी सांगितले. माझी गाठ खाली होती आणि पुरुषांचे कटिर (कमरेच्या हाडांमधली पोकळी) अरुंद असते. अशा जागेत मनगटासारखी वळणारी उपकरणे आणि स्थिर त्रिमितीय दृश्य उपयोगी पडते, लघवीच्या व लैंगिक क्रियेच्या नसा जपणे सोपे होऊ शकते, असे त्यांचे मत होते. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 10 देशांतील 471 रुग्णांच्या चाचणीत ऐनवेळी पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटिक गटात 8.1 टक्के आणि दुर्बिणीच्या (लॅपरोस्कोपिक) शस्त्रक्रियेच्या गटात 12.2 टक्के होते व हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हता, हेही त्यांनी लपवले नाही. चीनमधील नंतरच्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत त्याच भागात आजार उलटण्याचे प्रमाण रोबोटिक गटात 1.6 तर दुर्बिणीच्या गटात 4 टक्के आढळले, मात्र एकूण जगण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. त्या चाचणीत शस्त्रक्रिया करणारे हात अनुभवी होते, म्हणून मी यंत्रापेक्षा डॉक्टरांच्या अनुभवाविषयीच अधिक विचारले.

खर्च बराच वाढणार होता. 2019 च्या विमा नियामकांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नव्हती, तरी कंपनी तिच्यावर वेगळी मर्यादा घालू शकत होती. पत्नीने पॉलिसीतले ते कलम आधीच शोधून काढले, म्हणून रक्कम वेळेत उभी राहिली.

शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमाची (मल बाहेर वळवण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) काळजी घेणाऱ्या नर्सने मला बसायला, वाकायला, उभे राहायला सांगितले आणि पोटाची घडी व पँटचा पट्टा कुठे येतो ते पाहून पिशवीची जागा पेनने आखली. आतड्याचा नवा जोड भरून येईपर्यंत मल त्या पिशवीत वळवायचा होता. त्या खुणेचे मोल मला पुढे रोज कळत गेले. पिशवी घडीवर आली असती तर ती सारखी सुटली असती आणि भोवतालची त्वचा सोलवटली असती.

पॅथॉलॉजीच्या अहवालात मी दोन गोष्टी आधी वाचल्या. काढलेल्या भागाच्या बाहेरच्या कडेपासून गाठीचे अंतर एक मिलिमीटरहून अधिक होते, म्हणजे कडा मोकळी होती, आणि तपासलेल्या लसिका ग्रंथींत आजार नव्हता. पोटावरचे व्रण लहान राहिले, पण माझ्या दृष्टीने शस्त्रक्रियेचा निकाल त्या कागदावर होता.

स्टोमा बंद केल्यानंतरचे महिने मात्र कठीण गेले. थोड्या थोड्या वेळाने शौचाला जावे लागे, आणि घाई झाली की थांबवत नसे. गुदाशयाचा साठवणारा भागच काढल्यावर हे अनेकांना होते आणि रोबोट वापरल्याने ते टळत नाही. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम, आहारातील बदल आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी यांमुळे आता मी लोकलने कामावर जाऊ शकतो. रक्तातील सीईए (कर्करोग परतला का हे पाहण्याची चाचणी), सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी ठरलेल्या वेळी सुरू आहेत.