धूर दिसला नाही, आकडा मात्र चढला

आज मानकापूरच्या आमच्या बाल्कनीत हवेतली धूळ मोजणारा पीएमएस५००३ हा लेझर सेन्सर सुरू केला. काडेपेटीपेक्षा जाड, एवढीशी डबी. आतला पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतातून धुळीचा कण गेला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांचा आकार व संख्या ठरते. म्हणजे धुळीचं थेट वजन होत नाही, हिशोबानं अंदाज निघतो. हवेत दमटपणा वाढला की कण फुगतात आणि आकडा जास्त दिसतो, म्हणून बाजूला आर्द्रता मोजणारा सेन्सरही हवाच. पंखा सुरू झाल्यावर पहिली ३० सेकंदं सोडून द्यायची.

सकाळी खाली कुणीतरी वाळक्या पानांचा ढीग पेटवला. वरपर्यंत धूर दिसतही नव्हता, पण पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण, बघता बघता तिप्पट! शेजारच्या काकूंना दमा आहे. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "मले सकायीच धाप कावून लागते, ते आता समजलं." थंडीत जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, धूर तिथंच कोंडतो. माझ्या पोटात अक्षरशः कालवलं.

आपल्याकडे पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. केवढी तफावत!

रविवारी सोसायटीच्या मिटिंगमध्ये या आकड्यांचा आलेख ठेवणार आहे. पानं जाळणं बंद करून मागच्या मोकळ्या जागेत खतासाठी खड्डा करू, असं सुचवणार. खणायला कोण कोण येतंय?