म्हैस आटल्याची नोंद

मे महिन्याच्या अखेरीस खटाव तालुक्यातील एका गावातून सकाळी साडेसातला फोन आला आणि साडेतीन महिने कीटो आहारावर सुरळीत चाललेल्या पोरीला पहाटेपासून फिटचे पाच झटके येऊन गेल्याचे तिच्या आईने सांगितले. मी विचारण्याआधीच तिने लघवीच्या पट्टीचा फोटो पाठवला होता. एरवी वांग्याच्या सालीसारखी गडद होणारी ती पट्टी फिकट गुलाबी होती, म्हणजे शरीर साखरेऐवजी स्निग्धांश जाळू लागले की तयार होणारे कीटोन, ज्यांच्यावर या आहाराची सारी मदार असते, जवळजवळ उरलेच नव्हते.

मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या बालमेंदूविकार विभागात आहारतज्ज्ञ आहे. कीटो आहार, म्हणजे भरपूर स्निग्धांश आणि अगदी थोडी कर्बोदके असलेला आहार, म्हटले की हल्ली लोकांना वजन उतरवणेच आठवते आणि लग्नसमारंभात मी काय काम करते हे सांगितल्यावर मला पोट कमी करण्याचे उपाय विचारले जातात. वास्तविक हा आहार 1921 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, सुचवला. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही ज्या मुलांचे झटके थांबत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही तो आजही वापरतो. तो औषधासारखाच मोजून द्यावा लागतो आणि औषधासारखाच चुकतो.

ही मुलगी पाच वर्षांची. फेब्रुवारीत दाखल झाली तेव्हा दिवसाला वीस-पंचवीस झटके येत होते. तिला 1000 कॅलरी आणि तीनास एक हे प्रमाण ठरले, म्हणजे दिवसाला 97 ग्रॅम स्निग्धांश, आणि प्रथिने व कर्बोदके मिळून 32 ग्रॅम, त्यात कर्बोदके केवळ 14. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत 35 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, हे मी आईला सांगितले तेव्हा तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाली, "म्हणजे एक भाकरी अडीच दिवसांची." त्या क्षणी मला खात्री पटली की या घरात आहार टिकेल. तिने ग्रॅमचा काटा घेतला, शेंगदाण्याचे कूट, अंडे आणि इसबगोल यांची भाकरी थापायला शिकली, पातळ औषधाऐवजी साखर नसलेल्या गोळ्या आणल्या, इतकेच काय, टूथपेस्टच्या वेष्टनावरील बारीक अक्षरेही वाचली. दोन महिन्यांत झटके आठवड्याला एक-दोनवर आले.

अशा मुलाचे कीटोन अचानक उतरले की आमची चौकशी ठरलेली असते. कोणी खोकल्याचे गोड औषध दिले का, होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या का, जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाइन लावले का? (फाइलवर लाल शाईत लिहून दिले तरी ते लावले जाते, याचा मला दरवेळी तितकाच संताप येतो.) या सगळ्याला नाही असे उत्तर मिळाले, की संशय आजीवर जातो. आमच्या विभागात तर ती अर्धी थट्टा, अर्धे निदान आहे. मी फोन आजींकडे द्यायला सांगितला आणि शक्य तितक्या गोड आवाजात प्रसादाचे, गुळाच्या खड्याचे विचारले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, पोरीला दिसू नये म्हणून मीच चहात गूळ घालायचा सोडलाय." आणि त्यांनी फोन सुनेकडे दिला.

मी आईला कालच्या प्रत्येक जेवणातील प्रत्येक पदार्थ वजनासह वाचायला लावला. तिसऱ्या जेवणाशी पुन्हा "साय, पन्नास ग्रॅम" आले आणि मला एप्रिलमधला एक फोन आठवला. डब्यातले क्रीम वडूजहून आणावे लागते, उघडल्यावर वीज गेली की नासते, घरची साय चालेल का, असे तिने विचारले होते. समोर दुसरा रुग्ण बसलेला असताना मी "चालेल, तेवढीच घ्या" असे म्हटले होते. डब्यातल्या क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, सायीत किती हे मी विचारले नव्हते.

पण साय तर महिनाभर चालली होती आणि पट्टी गडदच होती. मग आताच काय बिघडले? याचे उत्तर मागून आजींनी दिले. म्हैस दोन आठवड्यांपूर्वी आटली होती आणि घरात आता गाईचे दूध येत होते.

आईने फोन उभा करून चुलीवर 100 ग्रॅम साय कढवली. बराच वेळ नुसते पाणीच उकळत राहिले, मग तळाशी बेरी धरली आणि गाळून काट्यावर ठेवलेले तूप 14 ग्रॅम भरले. दिवसाला 150 ग्रॅम सायीत सोळा-सतरा ग्रॅमचा तुटवडा पडत होता आणि तीनास एकचे प्रमाण अडीचच्याही खाली गेले होते. "डेअरीवाला रोज फॅट काढून मगच भाव देतो," आजी म्हणाल्या, "दवाखान्यात काढत न्हाईत व्हय?"

साय बंद करून तेवढा स्निग्धांश मोजलेल्या तुपातून आणि खोबरेल तेलातून दिला. चौथ्या दिवशी पट्टी पुन्हा गडद झाली आणि आठवड्याभरात झटके पूर्वीइतके कमी झाले.

विभागाच्या नोंदपत्रकात प्रमाण बिघडण्याच्या कारणांचे रकाने आहेत: आजारपण, औषधातील साखर, पालकांची चूक. आहारतज्ज्ञाच्या चुकीला रकाना नाही. बैठकीत एका वरिष्ठ सहकाऱ्याने "पालकांची चूक" यावर खूण करायला सुचवले, कारण साय त्यांनीच वापरली होती. मी समासात "सायीचा स्निग्धांश मी तपासला नाही" असे लिहिले आणि ते संगणकात चढवताना गळले, हे मला जुलैत समजले.

ऑगस्टमधल्या भेटीला आजीही आल्या होत्या. प्रसादाच्या चौकशीबद्दल काही बोलावे म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी कमरेच्या पिशवीतून डेअरीची पावती काढून टेबलावर ठेवली आणि म्हैस पुढच्या महिन्यात व्यायची आहे, तेव्हा तिच्या सायीचे आधीच बघून ठेवा, असे सांगितले.