डावखुऱ्याचं कोपर

रात्री साडेअकराला माझ्या तोंडून "अरेरे!" निघालं, तशी बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "कोण गेलं हो?"

गेलं कोणीच नव्हतं. माझ्या संगणकावरच्या बेसबॉल लीगमधल्या एका डावखुऱ्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, कोपर गेलं होतं. साल १९११, वय चोवीस. हे तिला काय सांगणार? "कोणी नाही, झोप तू."

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संगणकावरचा खेळ. यात बॅट हातात धरायची नाही की बॉल टाकायचा नाही. नुसते तक्ते बघायचे, तारीख पुढे ढकलायची आणि जे घडेल ते निमूट वाचायचं. मी त्यात १९०१ पासून एक लीग चालवतोय. खेळाडू सगळे खोटे, संगणकानं जन्माला घातलेले. काळ मात्र खरा. हा काळ 'डेड बॉल'चा, म्हणजे मारला तरी लांब न जाणाऱ्या चेंडूचा. चेंडू मळून काळा पडला तरी तोच वापरायचा, वर त्याला थुंकी लावायलाही बंदी नाही. १९११ साली खऱ्या अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) फ्रँक बेकरचे. किती? अकरा! वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या अंतिम लढतीत, आणखी दोन मारले आणि गड्याला 'होमरन बेकर' हेच नाव चिकटलं.

अशा दिवसांत माझा डावखुरा म्हणजे राजा. सलग तीन मोसम विसाच्या वर विजय. आणि मग ती एका ओळीची बातमी: कोपराचा अस्थिबंध फाटला, कारकीर्द संपली.

सेव्ह केलेली फाइल पाच मिनिटांपूर्वीचीच होती. ती उघडली असती तर कोपर शाबूत. पण तसं एकदा केलंय मी. १९०४ साली. खऱ्या जगात त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही, न्यूयॉर्क जायंट्सनी खेळायलाच नकार दिला होता. माझ्याकडे झाली, आणि आवडता संघ हरला म्हणून शेवटचा सामना मी गुपचूप पुन्हा खेळवला. जिंकले. अजूनही विजेत्यांच्या यादीत ते साल आलं की मी भरभर खाली सरकतो.

या कोपरावर इलाज होता, पण १९७४ मध्ये. डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवली, आणि तो १९८९ पर्यंत खेळला. तोही डावखुराच. माझा एक मोसम साधारण आठवड्यात संपतो. म्हणजे १९७४ उजाडायला अजून सव्वा वर्ष.

निदान त्याचा नंबर तरी निवृत्त करावा, पुन्हा कोणाला देऊ नये म्हटलं, तर तेव्हा खेळाडूंच्या पाठीवर नंबरच नसायचे. शेवटी वहीत त्याच्या नावापुढे 'कोपर' एवढंच लिहिलं आणि तारीख एक दिवस पुढे ढकलली.

त्याच्या जागी आलेल्या पोरानं पहिल्याच इनिंगमध्ये सहा रन दिले.