पितळी दळणी

इस्तंबूलच्या मसाला बाजारातून आणलेली पितळी हातदळणी आज पहिल्यांदा फिरवली. दोन कपांपुरते १५ ग्रॅम कॉफीचे दाणे, पण दळायला चांगली सात-आठ मिनिटं लागली! तुर्की कॉफीला पूड मैद्यासारखी बारीक लागते, त्यामुळे आतला स्क्रू घट्ट आवळलेला. दांडा जड फिरतो, मनगट भरून येतं. ती घरघर ऐकून आजीचं जातं आठवलं. खालचा डबा उघडला आणि घरभर दरवळ.

मग जेझवेत, म्हणजे त्या लांब दांड्याच्या भांड्यात, गार पाणी, साखर, पूड. मंद आच. फेस वर चढला की लगेच उतरवायची. गाळायची नाही, गाळ तळाशी बसू द्यायचा.

आईने एक घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाली, "उद्या दळणी मी फिरवते."