१९९ नंबरची ओळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामांचं पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवायचं वर्कशॉप आहे. कास्टिंगची सगळी ड्रॉइंग लिनक्सच्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, वेगळ्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. परवा मशीन सुरू होतानाच अडकलं. काळ्या स्क्रीनवर दीड मिनिटाची मोजणी, मग इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरती कमांडांची स्क्रीन. मामांचा फोन आला, "अगं, डिस्क गेली बघ. शेजारचा पोरगा म्हणतोय फॉरमॅट मारूया."

"येते मी. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

दीड मिनिट थांबलं म्हणजे डिस्क मेली असं नसतं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, नाव असलेली डिस्क सापडेना म्हणून सिस्टमडी (लिनक्समध्ये सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट बघतं, एवढंच. यादीतल्या त्या ओळीत 'नोफेल' (नाही सापडली तरी पुढं जा) असतं तर मशीन डिस्कशिवायही सुरू झालं असतं.

आधी बायोस, म्हणजे लिनक्सच्याही आधी सुरू होणारी मशीनची स्वतःची सेटिंग, उघडलं. तिथं डिस्क कधी दिसायची, कधी गायब. बायोसलाच दिसत नसेल तेव्हा लिनक्समध्ये कमांडा मारत बसण्यात काही अर्थ नसतो. डिस्कला हात लावला तर थरथर जाणवत होती, म्हणजे पॉवर पोचत होती. दिसली तशी आत शिरून 'डीमेसेज', म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंदवही बघितली. डिस्कशी लिंक ६ जीबीपीएसच्या वेगावर लागलेली, मग एरर, मग ३, मग १.५, शेवटी 'लिंक डाऊन'. भर बाजारात फोन आल्यावर आपण एकेक शब्द सुटा करून बोलतो, तसा कर्नल वेग उतरवत होता.

मग 'स्मार्टसीटीएल', डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद दाखवणारी कमांड. तो लांबलचक तक्ता बघून माणसं उगाच घाबरतात. मी तीनच ओळी बघते. ५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे कप्पे), १९७ म्हणजे वाचता येईनात म्हणून संशयित यादीत असलेले. दोन्हीकडे शून्य. १९९ म्हणजे सीआरसी एरर, डिस्क आणि मशीनच्या मधल्या वाटेतच डेटा बिघडल्याची मोजदाद. तिथं आकडा हजारांत!

डिस्क मशीनला जोडणाऱ्या साटा केबलची क्लिप तुटली होती, टोक बोटानं हलत होतं. त्यात शेजारच्या गाळ्यातल्या मशीनचे हादरे दिवसभर. राजारामपुरीतून क्लिपवाली केबल आणली, पोर्टही बदलला. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे पोर्टवर अवलंबून नसलेला ओळख क्रमांक होता, त्यामुळं पोर्ट बदलल्याचं लिनक्सला काहीच वाटलं नाही.

"अगं, पण आकडा तेवढाच आहे की!" मामा म्हणाले.

तो उतरत नसतोच. वाढतोय का, एवढंच बघायचं. सगळी ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, त्यात बॅकअपही झाला आणि केबलची परीक्षाही. १९९ जागचा हलला नाही. आता अधूनमधून मामांनी तो आकडा मला फोनवर वाचून दाखवायचा, असं ठरलंय.