किल्ला कुणासाठी?

रविवार, रात्रीचे अकरा

नखांतली माती काही केल्या निघत नाहीये. भांड्यांच्या घासणीनंही घासून झालं. उद्या ऑफिसात कुणी विचारलंच तर सांगेन, कोंढाणा बांधत होते.

दिवाळी आठ दिवसांवर आली. बाल्कनीत किल्ला करायचा, हे आमचं लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीपासूनचं. यंदा याच्या डोक्यात आलं, "दरवर्षीसारखा नुसता ढिगारा नको. सिंहगड करू. आणि करायचा तर आधी नीट बघून येऊ." जसा काही आम्ही सिंहगड बघितलेलाच नाही! पण त्या सबबीवर त्यानं मला पहाटे पाचला उठवलं. सुट्टीच्या दिवशी एरवी हा स्वतः नऊपर्यंत हलत नाही.

खडकवासल्याला उजाडत होतं. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं आणि कणीसवाल्यांच्या शेगड्या अजून गार होत्या. आतकरवाडीला गाडी लावली आणि तिथंच पैज ठरली: वाटेत जो आधी टेकेल, तो वरच्या पिठलं-भाकरीचे पैसे देणार. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, पण पुणंच साडेपाचशेवर असल्यामुळे आपल्याला सगळं चढावं लागत नाही, असा हिशेब यानं पायथ्याशी मांडला. अर्ध्या वाटेवर त्याचा श्वास ऐकण्यासारखा झाला होता. मी लिंबू सरबतासाठी थांबले, पण उभ्यानंच प्यायले. मागून सत्तरीचे एक आजोबा आले, पायात साध्या चपला, हातात काठी. "चला, चला, थांबलात की पाय जड होतात," म्हणाले आणि पुढच्या वळणावर दिसेनासेही झाले. त्यानंतर हा बुटाची नाडी बांधायला दगडावर बसला. नाडी सुटलेली नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

वाटेच्या दोन्ही अंगांना सोनकी पिवळीधमक फुललीय. किल्ल्यावर ही कशानं दाखवायची? हळदीत बुडवलेला रवा, असं माझं मत पडलं. यानं विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. त्याच कागदावर पुढे पुणे दरवाजे (एकामागोमाग तीन आहेत, आम्ही दरवर्षी एकच करत आलो), देवटाकं, टिळकांचा बंगला, कल्याण दरवाजा, असं सगळं बाण काढून आलं. तानाजी कड्यापाशी मात्र आमचं वाजलं. १६७० च्या त्या रात्री घोरपड लावून मावळे वर चढले, ही गोष्ट किल्ल्यात घ्यायची की नाही? हा म्हणतो, दंतकथा आहे, नको. मी म्हटलं, दंतकथा असेल, पण घोरपडीशिवाय तानाजी कडा म्हणजे मिठाशिवाय ठेचा. तेवढ्यात कांदाभजीचा वास आला आणि वाद तहात निघाला.

पिठलं, बाजरीची भाकरी, मडक्यातलं दही. पैसे यानं दिले. नाडीची तक्रार शेवटपर्यंत चालू होती.

दुपारी दोघं मेल्यासारखे झोपलो. पाचला बाल्कनीत विटा रचल्या, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकलं. पोत्याला सुरकुत्या पाडून कडे करायचे असतात, थापून गुळगुळीत केलं की तो गड न राहता पुरणपोळी दिसते. हे काम याला जमतं, मला नाही. माझ्याकडे दरवाजे. तीन आगपेट्या कापून, त्यांवर कणीक लावून, गेरूनं रंगवल्या. मग कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं काढली आणि कळलं की महाराज दरवाजाच्या दुप्पट उंच आहेत. "वाकून येतील," हा म्हणाला. मी म्हटलं, महाराज वाकणार नाहीत. आगपेट्या उभ्या केल्या.

घोरपड दुकानात मिळाली नव्हती. भाच्याचा विसरून राहिलेला प्लॅस्टिकचा डायनोसॉर होता, त्याच्या शेपटीला दोरा बांधून कड्यावर चढवला. मग मी उदबत्तीच्या काडीच्या टोकाला माझी लाल टिकली चिकटवून ती वर खोचली. दूरदर्शनचा मनोरा! हा हातातला चिखल टाकून उठलाच. "महाराजांच्या काळात मनोरा?" मी म्हटलं, "डायनोसॉर होता का?" पुण्यात कुठूनही मान वळवली की त्या मनोऱ्यावरून तर आपण गड ओळखतो. मनोरा राहिला.

साडेसातला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आमचं गढूळ पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गळलं होतं. चूक आमचीच होती, निमूट ऐकून घेतलं. जाता जाता त्यांनी बाल्कनीत डोकावून विचारलं, "एवढा मोठा किल्ला? कुणासाठी गं?"

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पहिल्या वर्षी मी "भाचा येणार आहे" असं खोटं सांगितलं होतं, आणि नंतर दोन दिवस उगाच चिडचिड करत होते. आज हा आतून ओरडला, "आमच्यासाठीच काकू! बघायला या, तिकीट नाही." काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मोहरी पेरू नका, नुसती उंच वाढून आडवी होते. हळीव टाका. आणि खाली ताट ठेवा, चादर परत धुवायला लावलीत तर बघा."

हळीव डब्यात निघाले. सगळीकडे भुरभुरवले, चमच्यानं पाणी घातलं, खाली परात ठेवली. चादर मशीनला लावून दिली.

हे लिहीत होते तेवढ्यात गडगडलं. परतीचा पाऊस! हा बनियनवरच बाल्कनीत धावला. बघते तर त्यानं माझी फुलाफुलांची छत्री उघडून ग्रिलला सुतळीनं बांधलीय आणि स्वतः कठड्याला टेकून भिजत उभा आहे. मी म्हटलं, "आत ये, सर्दी होईल." तर म्हणतो, "थांब, कल्याण दरवाजाकडून गळतंय. दुसरी छत्री दे."

दुसरी छत्री गाडीच्या डिकीत आहे. गाडी खाली आहे. पैज लावून बघते.